पदवीचा विषय: इतर

प्रति,
गोव्यातील महाविद्यालयांत समाजशास्त्र शिकवणारे सर्व सर आणि टीचर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका टीचरनी मला त्यांच्या महाविद्यालयात करिअर मार्गदर्शनासाठी बोलावलं होतं. शाल नको म्हटलं तरी शाल मिळाली, वर काजूगरांचं पाकीट. माझ्या आधी पडद्यावर एक स्लाइड आली, ‘समाजशास्त्र : संधींचं विशाल आकाश’. खाली यादी : यूपीएससी, शिक्षक, एनजीओ, पत्रकारिता, समाजसेवा, संशोधन. हीच यादी मी दुसऱ्या वर्षाला असताना फळ्यावर खडूने लिहिलेली पाहिली होती. आता तिला निळी पार्श्वभूमी आली आहे, एवढाच फरक. मग मी अर्धा तास बोलले. शेवटी ‘कोणाला काही विचारायचंय का’ म्हटल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “टीचर, तें सगळें बरें, पूण पगार कितलो मेळटा?”

सगळे हसले. मीही हसले. “ते कामावर अवलंबून असतं” असं काहीतरी पुटपुटून खाली बसले. परतीच्या कदंब बसमध्ये मात्र माझी मलाच लाज वाटायला लागली. त्या अर्ध्या तासातला एकमेव खरा प्रश्न तो होता, आणि मी तो उडवून लावला. त्या मुलीचं नावही मी विचारलं नाही. तिला द्यायचं उत्तर म्हणून हे पत्र तुम्हाला लिहितेय, कारण तिच्यासारख्या मुली तीन वर्षं तुमच्यासमोर बसतात.

मी सत्तरी तालुक्यातली. गावातली मराठी प्राथमिक शाळा, पाचवीपासून इंग्रजी, मग बीए आणि ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, एमए. आमच्याकडच्या बहुतेकांचा हाच रस्ता. एमएनंतर दोन वर्षं एका उच्च माध्यमिक विद्यालयात लेक्चर बेसिसवर शिकवलं. तासाप्रमाणे पैसे, आणि मे महिन्यात हात हलवत घरी. वडील शेजाऱ्यांना सांगायचे, “मुलगी शिक्षिका आहे.” पण मे महिना आला की विषय बदलायचे. मग एका सर्वेक्षणाच्या कामाला लागले. भरलेल्या फॉर्मला साठ रुपये, अर्धवट फॉर्मला शून्य. त्यातूनच पुढचं सगळं झालं. आज फोंड्यात माझं चार माणसांचं ऑफिस आहे. घरोघरची सर्वेक्षणं, कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, निधीतून झालेल्या कामांची पाहणी, कधी मुलाखतींचं भाषांतर, असं आमचं काम. श्रीमंत झाले नाही, पण घर चालतं आणि मे महिन्याची भीती वाटत नाही.

मधल्या काळातली एक गोष्ट सांगते. एका नोकरीचा ऑनलाइन अर्ज भरत होते. पदवीच्या विषयाची यादी उघडली. अर्थशास्त्र, सांख्यिकी, गणित, वाणिज्य... बोट खाली खाली सरकत गेलं आणि समाजशास्त्र काही सापडेना. शेवटी ‘इतर’ होतं, ते दाबलं. काम काय होतं म्हणाल, तर घरोघर फिरून कुटुंबांची माहिती गोळा करायची! तेव्हा फक्त चिडले होते. त्या रकान्याचं मोल मला नंतर एका घराच्या सोप्यावर कळलं.

एप्रिल महिना, काजूचा हंगाम. सत्तरीतल्या एका वाड्यावर आम्ही दोघं टॅब घेऊन फिरत होतो. माझा सहकारी वाणिज्य पदवीधर, हाताला एकदम चलाख. प्रश्न आला, ‘कुटुंबाकडे जमीन आहे का?’ उत्तरांचे ठळक पर्याय तीन : स्वतःची, भाड्याची, नाही. सोप्यावरच्या आजी म्हणाल्या, “आसा मगो. आज्याच्या काळासावन आमीच कसतांव.” सहकाऱ्याने ‘स्वतःची’ दाबलं आणि तो पुढच्या प्रश्नावर गेला. शेजारच्या घरात तिचाच पुतण्या. तोच डोंगर, तीच काजूची झाडं, मध्ये कुंपणही नाही. तो म्हणाला, “वन-फोर्टीनचेर आमचें नांव ना.” वन-फोर्टीन म्हणजे जमिनीचा आमच्याकडचा उतारा. इथे ‘नाही’ दाबलं गेलं. अर्ध्या तासात एका कुटुंबातली एक शाखा जमीनदार झाली आणि दुसरी भूमिहीन! संध्याकाळी तक्ता तयार झाला असता, तो कुठल्यातरी कार्यालयात गेला असता, आणि त्यावरून कोणीतरी योजना आखली असती.

मी त्याला थांबवलं. परत आजींकडे गेलो. जमीन पिढ्यान्पिढ्या कसतात, कागदावर नाव दुसऱ्याचं, भाडं देत नाहीत, कोणी उठवलेलंही नाही. हे चारही पैलू तीन पर्यायांत बसत नव्हते. एक चौथा पर्याय बारीक अक्षरात होता, ‘इतर’, आणि पुढे चाळीस अक्षरांची जागा. मी ते वहीत लिहून घेतलं. पुढे त्या अभ्यासात ‘कसतात पण कागद नाही’ असा वेगळा गट करावा लागला आणि सत्तरीपुरता तोच सगळ्यांत मोठा निघाला.

त्याच आजींना विचारलं होतं, घरात कमावणारे किती? “एकूच, झील.” म्हणजे एकटा मुलगा. हे सांगताना त्या काजूच्या बोंडूतून बिया काढत होत्या, कोपरापर्यंत हात चिकट. मी प्रश्न फिरवला, “काल बाजाराला कोण गेलं होतं?” “हांव गेल्लें.” काय नेलं होतं? केळी, थोडी भाजी, दोन केरसुण्या. पैसे कोणाकडे? पदराला गाठ होती, ती दाखवली. कमावणाऱ्यांचा आकडा एकावरून दोन झाला. सर, टीचर, हा प्रश्न फिरवायला मला तुम्हीच शिकवलंत, ‘कुटुंब आणि श्रमविभागणी’ या धड्यात. फक्त त्या वेळी तो धडा दहा गुणांचा होता, आणि त्याचं पुढे काय करायचं हे कोणी सांगितलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आमच्या विषयाचं काम गोव्यात पुष्कळ आहे. ते वेगळ्या नावांनी चालतं, आणि ते करून दाखवता येईल असं काही आमच्या हातात न देता तुम्ही आम्हाला बाहेर सोडता.

उदाहरण म्हणून नातेसंबंधांच्या आकृत्या घ्या. त्रिकोण म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, दोन आडव्या रेषा म्हणजे लग्न, उभी रेषा म्हणजे संतती. परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही त्या पाठ केल्या, आणि निकालानंतर आयुष्यात पुन्हा काढाव्या लागतील असं कोणालाच वाटलं नाही. आता २००६ चा वनहक्क कायदा पाहा. अनुसूचित जमातीत नसलेल्या पण वनात राहणाऱ्या कुटुंबाला हक्क मागायचा असेल तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथलं वास्तव्य दाखवावं लागतं. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. धनगरांना तो नाही, म्हणून त्यांना ७५ वर्षं मागे जावं लागतं. इतका जुना कागद धनगरवाड्यावर कोणाकडे असणार? पण नियमांनी दुसरा रस्ता ठेवला आहे. वाड्यावरच्या वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घेतला तर तो पुरावा. जुनी विहीर, देवाची जागा, दफनभूमी हा पुरावा. आणि वंशावळ हाही पुरावा.

वंशावळ! तेच त्रिकोण आणि तीच वर्तुळं.

एका संध्याकाळी मी अशा एका घरात बसले होते. दाव्याच्या फायलीत मतदार ओळखपत्राची झेरॉक्स आणि घरपट्टीची पावती, बस. म्हाताऱ्या बाबांना मी बापाचं, आज्याचं, पणज्याचं नाव विचारत गेले आणि कॅलेंडरच्या पाठच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढत गेले. बायकांची नावं विचारली तेव्हा बाबा अडले. “ती कोण जाणे, बायलमनीस.” मग आतून त्यांच्या वहिनी आल्या आणि त्यांनी एका दमात सगळ्या सुनांची नावं, माहेरं आणि कोण कुठल्या वाड्यावरून आली ते सांगितलं. आकृतीला खरा पाया तिथे मिळाला, कारण माहेर कळलं की तिथल्या माणसांना विचारून पडताळा घेता येतो. पणजीबाईच्या माहेरी अजून एक म्हातारी हयात निघाली, तिने या घरात मुलगी दिल्याचं थोरांकडून ऐकलेलं होतं. दाव्याचं पुढे काय झालं ही वेगळी लांबलचक कहाणी, फाइल अजून फिरते आहे. पण फाइलमध्ये आता पाच पिढ्या आहेत. हे काम वकिलाने केलं असतं का? तो बाबांना विचारून थांबला असता.

धनगरांचाच दुसरा धागा. अनुसूचित जमातीत समावेशाची त्यांची मागणी वर्षानुवर्षं रेंगाळली आहे. राज्याने शिफारस करायची, मग ती भारताच्या रजिस्ट्रार जनरलना पटायला हवी, अशी ही रीत. ते पटवून घेताना पाहिले जाणारे निकष १९६५ च्या लोकूर समितीचे : आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाहेरच्यांशी संपर्काचा बुजरेपणा आणि मागासलेपण. ‘बुजरेपणा’ कसा मोजणार, हा प्रश्न मलाही पडतो. निकषांची भाषा साठ वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्यावर वर्गात खुशाल टीका करा. पण फाइल त्याच भाषेत चालते, आणि वाड्यावर राहून त्या भाषेत टिकेल असा अहवाल लिहिणारी माणसं लागतात. तुमच्या एमएच्या वर्गातली किती मुलं असा अहवाल लिहू शकतील? मी तरी तेव्हा लिहू शकले नसते.

भूसंपादनाचं बोलू. साळावली धरणात कुर्डी गाव बुडालं, लोकांना वाडे आणि वाळकिणी या ठिकाणी वसवलं. मे महिन्यात पाणी ओसरलं की गाव वर येतो, जोती दिसायला लागतात आणि माणसं आपापल्या देवाला भेटायला परत जातात. भरपाई जमिनीची आणि घराची झाली. शेजार, देवाचा मान, कोणत्या वाड्याने कोणतं काम करायचं याची घडी, हे कोणत्या रकान्यात घातलं? त्या काळी तसं विचारायची सक्ती नव्हती. आता आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास, त्यावर जाहीर सुनावणी आणि नंतर तज्ज्ञ गटाकडून छाननी आणली. त्या तज्ज्ञ गटात दोन जागा बिगरसरकारी सामाजिक शास्त्रज्ञांसाठी राखलेल्या आहेत. म्हणजे तुमच्यासाठीच! कायद्यात तुमच्या नावाने खुर्ची मांडलेली आहे आणि ती गोष्ट मला बीए, एमए मिळून पाच वर्षांत कळली नाही. कळली ती एका खासगी सल्लागार कंपनीच्या जाहिरातीतून.

सत्तरीतल्या शेळ-मेळावलीचं सगळ्यांना आठवतंच. २०२१ च्या जानेवारीत आयआयटीच्या जागेवरून आमची माणसं, त्यातही बायका, रस्त्यावर आल्या आणि सरकारला तिथून मागे फिरावं लागलं. मोजणीदार आणि पोलिसांच्या आधी कोणी महिनाभर त्या वाड्यांवर राहून प्रश्न विचारले असते तर निकाल बदलला असता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. लोकांचं नाही ते नाहीच राहिलं असतं. पण त्या ‘नाही’ची कारणं निदान आधी कागदावर आली असती.

बाकीच्या वाटा भराभर सांगते, कारण त्या मी जवळून पाहिल्या असल्या तरी सगळ्या चालले नाही.

मोबाइल अॅप बनवणाऱ्या कंपन्यांत यूजर रिसर्च नावाचं काम असतं. माणसं अॅप कसं वापरतात, कुठे अडतात, का सोडून देतात, हे त्यांच्या घरी किंवा दुकानात जाऊन पाहायचं आणि लिहायचं. पगार चांगला. बंगळूर-पुण्याला जावं लागतं किंवा घरून करता येतं. इंग्रजी पक्कं हवं. आमच्या ओळखीतली एक मुलगी तिथे पोचली ती मुलाखतीत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारावर केलेला तिचा छोटा अभ्यास दाखवून. बाजारपेठ संशोधनही असंच, पण तिथे सुरुवातीला दमणूक जास्त आणि पैसा कमी. कंपनी कायद्याप्रमाणे ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. त्या खर्चातून खरंच काही झालं का हे पाहणारी माणसं लागतात, आमचं अर्धं ऑफिस त्यावर चालतं. मनुष्यबळ विभागात नुसत्या बीएला कोणी विचारत नाही, तिथे एमबीए पुढे असतात. खोटी आशा दाखवू नका.

यूपीएससीबद्दल तर विशेष विनंती. समाजशास्त्र हा तिथला वैकल्पिक विषय आहे, २५०-२५० गुणांचे दोन पेपर, हे खरं. पण तो विषय अभियंते आणि डॉक्टरही घेतात आणि आपल्या पदवीचा तिथे हक्काचा असा काही वाटा नाही. परीक्षेला नोकरी म्हणून स्लाइडवर टाकणं म्हणजे लॉटरीच्या तिकिटाला ठेव म्हणण्यासारखं आहे.

आणि समाजशास्त्र म्हणजे समाजकार्य नव्हे, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात सांगा. इस्पितळातले समाजसेवक, अनेक समुपदेशनाच्या आणि बालकल्याणाच्या जागा, यांना एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, मागतात. माझी एक वर्गमैत्रीण एमए होऊन अशा एका मुलाखतीला गेली आणि दारातूनच परत आली. दोन वर्षं हातची गेली. बीएनंतरच तिला हे कळलं असतं तर ती थेट समाजकार्याला गेली असती. मुंबईच्या टिसला, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेत, जायचं तर आता सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तिची तारीख निघून गेल्यावर विचारणारी मुलं दरवर्षी मला फोन करतात. प्राध्यापक व्हायचं तर एमएला ५५ टक्के आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. उच्च माध्यमिकला एमए, बीएड. आणि नंतर लेक्चर बेसिस किती वर्षं, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. तुमच्यातलेच कितीतरी जण त्याच खुर्चीवर बसून मुलांना ‘विशाल आकाश’ दाखवताहेत. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

सरकारी नोकरीत कोकणी लागते, ती आमच्या मुलांना येतेच. अडतं ते तिन्ही भाषांमधली ये-जा करताना. माझ्याकडे गेल्या वर्षी लागलेल्या एका मुलाने सासष्टीतल्या वीस मुलाखतींचा इंग्रजी अहवाल केला. कूळ आणि मुंडकार, दोन्हीसाठी एकच इंग्रजी शब्द : टेनंट. कूळ म्हणजे दुसऱ्याची शेती कसणारा, त्याचा कायदा १९६४ चा. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणारा, त्याचा कायदा १९७५ चा. एकाचा लढा शेताचा, दुसऱ्याचा छपराचा. अहवाल वाचणाऱ्या दिल्लीकर बाईंनी साळसूदपणे विचारलं, “या माणसाकडे शेतीच नाही, मग तो टेनंट कसा?” वीसच्या वीस मुलाखती पुन्हा ऐकाव्या लागल्या, आठ दिवस गेले, पदरचे पैसे गेले. मुलगा हुशार होता, समाजशास्त्रज्ञ वेबर तोंडपाठ. त्याच्या स्वतःच्या घरात मुंडकारीचा खटला चालू होता, तरी त्याला तो शब्द ‘अभ्यासातला’ वाटला नव्हता. यात त्याची चूक किती आणि आपली किती?

आता जनगणना येते आहे, २०२७ ची, आणि तिच्यात जातीची नोंद होणार आहे. १९३१ नंतर जनगणनेत सगळ्या जातींचे आकडे आलेलेच नाहीत. घरोघर जायला शिक्षक जातील, ते ठीक. पण गोव्यात जातीचं नाव विचारणं किती निसरडं आहे हे तुम्हाला सांगायला नको. एकच समाज बार्देशात एक नाव सांगतो, काणकोणात दुसरं. ख्रिश्चन घरांत बामण, चारदी, सुदीर हे लग्नाच्या वेळी सगळ्यांना ठाऊक असतं आणि पाहुण्यासमोर कोणालाच ठाऊक नसतं. ही नावं पुढे एकत्र कशी करायची, कोणतं नाव कोणात मिळवायचं नाही, यावर पुढची दहा वर्षं भांडणं होतील. त्या वेळी राज्यात या प्रश्नावर अधिकाराने बोलणारी वीस-पंचवीस तरुण माणसं असावीत असं मला वाटतं. ती तुमच्या वर्गांतूनच यायची.

माझं मागणं मोठं नाही. नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिप आली आहे. ती कुठल्याशा कार्यालयात फायली लावून सही आणण्यात घालवू नका. प्रत्येक मुलाला त्याच्याच वाड्यावर पाठवा. शंभर पानं नकोत, वीस पुरे. वाड्याचा हाताने काढलेला नकाशा, दहा घरांच्या मुलाखती, एका घराची वंशावळ, एक तक्ता एक्सेलमध्ये केलेला, आणि शेवटी आपल्याला काय कळलं नाही याचं अर्धं पान. मुलाखत घेण्याआधी परवानगी कशी मागायची आणि माणसाने ‘नको’ म्हटलं तर गप्प उठून कसं यायचं, हेही शिकवा. माझ्याकडे मुलाखतीला येणारी मुलं गुणपत्रिका पुढे करतात. मी म्हणते, “तुम्ही स्वतः केलेलं काही दाखवा.” तेव्हा ती माझ्याकडे अशी पाहतात, जणू मी सोन्याची साखळी मागितली.

मुलांचेही दोष आहेत, नाही असं नाही. सोप्यावर बसल्याबसल्या माणसाऐवजी टॅबकडे बघतात. समोरच्याने दिलेला चहा नाकारतात. उत्तर पूर्ण व्हायच्या आत पुढचा प्रश्न. पण हे तीन दिवस उन्हात फिरवलं की सुटतं, अनुभवाने सांगते.

पठारावरच्या आपल्या विभागाच्या स्कूलला दामोदर कोसंबींचं नाव आहे. पेशाने गणिती, पण पुण्याच्या आजूबाजूच्या टेकड्या पायी तुडवून ते गावोगावच्या देवांची आणि दगडी हत्यारांची नोंद करत हिंडले. त्या नावाच्या पाटीखालून आम्ही दोन वर्षं रोज गेलो आणि एकदाही गावात गेलो नाही. एकदा सहल मात्र गेली होती, दूधसागरला.

तर आता त्या मुलीचा पगार. माझ्याकडे फिल्डवर दिवसाला नऊशे रुपये, प्रवास आणि दुपारचं जेवण वेगळं. कायम माणसाला सुरुवातीला महिना बावीस हजार, दोन वर्षांनी अहवाल स्वतः लिहायला लागला की तीसच्या पुढे. मोठ्या सल्लागार कंपन्या याहून जास्त देतात, स्थानिक संस्था बहुधा कमी. सरकारी कारकुनाला यापेक्षा जास्त मिळतं आणि निवृत्तीपर्यंत मिळतं, हेही तिला सांगा, लपवू नका. तिला हे आकडे ऐकून विषय सोडावासा वाटला तर तो तिचा हक्क आहे.

नाही वाटला तर पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, सांगे आणि धारबांदोड्यात माझं सहा आठवड्यांचं काम सुरू होतंय. मला चार मुलं हवीत. गुणपत्रिका नकोत. येताना प्रत्येकाने आपल्या घराची चार पिढ्यांची वंशावळ काढून आणावी, आणि तिच्यातल्या सगळ्या वर्तुळांत नावं असावीत. ‘पत्नी’ लिहिलेलं चालणार नाही.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी
फोंडा, गोवा